श्रीकरणाधिप हेमाद्री

अकोले तालुक्यात प्रवरेच्या उगमाकडे जाऊ लागले, म्हणजे रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडी नावाचे लहानसे गाव लागते. चहूकडे सह्याद्रीचे उंच कडे आणि त्यांच्या कुशीत अमृतेश्वराचे प्राचीन देवालय, असा तेथील रम्य देखावा आहे. ह्या देवालयाच्या भिंतींतील पाषाण चुन्याने जोडलेले नाहीत. एका दगडास खाच व दुसऱ्यास तिच्यात नेमके बसणारे कुसू ठेवून ते एकमेकांत गुंतविलेले आहेत. शतकानुशतके सह्याद्रीचा पाऊस अंगावर घेऊनही ते जागचे हललेले नाहीत. ह्याच तालुक्यातील टाहाकारीचे देवीचे मंदिर पाहा, किंवा जिल्ह्याच्या दक्षिण टोकास भीमेच्या काठी असलेले पेडगावचे लक्ष्मीनारायणाचे मंदिर पाहा. हे देऊळ कसले, असे गावातील वृद्धास विचारले, तर ते हेमाडपंती आहे, हे उत्तर ठरलेले असते.

ज्याचे नाव महाराष्ट्रातील शेकडो देवळांना चिकटले, तो हेमाडपंत म्हणजे देवगिरीच्या यादव राजांचा मंत्री हेमाद्री पंडित होय. गंमत अशी की, अमृतेश्वराचे देवालय हेमाद्रीच्या जन्मापूर्वीच उभे होते. लोकांनी ते मागाहून त्याच्या नावावर घातले. मोडी लिपी त्याने लंकेहून आणली, बाजरीचे पीक त्यानेच आपल्याकडे आणले, अशाही आख्यायिका आहेत. वास्तविक बाजरी त्याच्या आधी कित्येक शतके भारतात पिकत होती. पण ज्या पुरुषाच्या खात्यावर लोक देवळे, लिपी आणि धान्य सारेच जमा करतात, त्याने लोकांच्या मनावर केवढा ठसा उमटविला असला पाहिजे! त्याचे खरे कार्य छिन्नीचे नव्हते, नांगराचेही नव्हते. ते लेखणीचे होते. आणि लेखणीच्या कामातही, नवे काही रचण्यापेक्षा, ठिकठिकाणी विखुरलेले उपयोगी ज्ञान वेचावे, पारखावे आणि हवे तेव्हा हाताशी येईल अशा रीतीने लावून ठेवावे, हा त्याचा पिंड होता.

हेमाद्रीचा काळ तेराव्या शतकाचा. त्या वेळी आजचे अहिल्यानगर शहर अस्तित्वात नव्हते. अहमदनगर ह्या नावाने ते वसले पंधराव्या शतकाच्या अखेरीस. परंतु हा सारा मुलूख यादवांचा होता आणि पुष्कळ दिवसांपासून होता. संगमनेर येथे सापडलेला यादव राजा दुसरा भिल्लम ह्याचा ताम्रपट शके ९२२ चा, म्हणजे इसवी सन १००० चा आहे. पुढे यादवांचे सामर्थ्य वाढले, त्यांनी देवगिरीच्या अभेद्य डोंगरावर राजधानी केली आणि गोदावरीच्या दोन्ही तीरांवर त्यांचा अंमल चालू लागला. ह्या घराण्यातील महादेवराय १२६१ साली गादीवर आला. त्याच्या दरबारी हेमाद्री उदयास आला. वत्सगोत्री ब्राह्मणाच्या विद्वान घराण्यात त्याचा जन्म झाला होता. पित्याचे नाव कामदेव, आजाचे वासुदेव, पणजाचे वामन. महादेवाने त्याला श्रीकरणाधिप नेमले.

हे श्रीकरण म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण हेमाद्रीच्या आयुष्याची गुरुकिल्ली त्यातच आहे. करण म्हणजे राज्याचे दप्तर, लेखनाची कचेरी. राजाची आज्ञा तोंडातून निघते. पण ती गावोगाव पोहोचते आणि वर्षानुवर्षे टिकते ती कचेरीच्या लेखामुळे. कोणत्या गावाचा वसूल किती, कोणती जमीन कोणास दिली, कोणत्या देवस्थानास किती तेल लावून दिले, कोणाचे वतन कोणाकडे गेले, ह्या सर्वांची नोंद तेथे असे. ह्या कचेरीचा जो मुख्य, तो श्रीकरणाधिप. राजाचा सेनापती रणांगणावर चुकला तर त्याची चूक त्याच दिवशी दिसते. दप्तरातील चूक मात्र मुकाट्याने पडून राहते आणि दोन पिढ्यांनी दोन भावांत तंटा होऊन वर येते.

त्या काळच्या एखाद्या दानपत्राकडे पाहू. राजाने गाव दान केला की, त्याचा लेख तांब्याच्या पत्र्यावर कोरीत. त्यात प्रथम देवतेचे स्मरण, मग दात्याच्या वंशाचे वर्णन, मग शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी व वार. नंतर दान घेणाऱ्याचे नाव, गोत्र, त्याच्या बापाचे व आजाचे नाव. मग गावाच्या चारी बाजूंच्या सीमा, पूर्वेस ओढा की पश्चिमेस टेकडी. मग त्या गावाला कोणकोणते कर माफ. आणि शेवटी हे दान मोडणाऱ्यास लागणाऱ्या पापाचा उल्लेख. ह्यांतील एक गोष्ट राहिली तरी लेख लंगडा. सीमा लिहावयाची राहिली, तर शेजारचा गाव शेत दाबणार. आजाचे नाव राहिले, तर त्याच नावाचा दुसरा कोणी हक्क सांगणार. आणि असे लेख लिहिणारे लेखक तर अनेक! कोणी देवगिरीस, कोणी कोकणात, कोणी दूर विदर्भात. प्रत्येकाने दर खेपेस नव्याने डोके चालविले, तर एकाचा लेख दुसऱ्यास जुळणार कसा? तेव्हा एकदा निर्दोष ठरलेला लेखाचा साचा जपून ठेवावा आणि पुढच्या लेखकाने त्यात फक्त नावे, तिथी व सीमा बदलाव्यात, हाच सुरक्षित मार्ग.

हेमाद्रीच्या नावाने मेस्तक ह्या नावाचे एक लहान प्रकरण मराठीत चालत आले आहे. राज्यकारभाराच्या लेखनाची रीत त्यात सांगितली आहे. पत्र वडीलधाऱ्यास असेल तर मायना कसा, बरोबरीच्यास कसा, हाताखालच्यास कसा. हिशेब कसा मांडावा. कोणत्या अधिकाऱ्याचे काम काय, असे त्याचे विषय आहेत. आज ज्या प्रती हाती आहेत, त्यांत पुढच्या काळातील लोकांनी भर घातलेली दिसते. हा दोष न मानता गुण मानावा, असे मला वाटते. जे पुस्तक कोणी वापरीत नाही, त्यात कोणी भरही घालीत नाही. मेस्तकाचा उपयोग कारकुनांनी पिढ्यान्‌पिढ्या केला, नवा प्रसंग आला तेव्हा नवा नमुना जोडला, आणि तरीही मुळाशी नाव राहू दिले ते हेमाद्रीचेच.

हाच प्रश्न आपल्या अगदी जवळच्या काळात, अगदी निराळ्या क्षेत्रात, पुन्हा उभा राहिला. संगणक यंत्रास काम सांगावयाचे म्हणजे सूचनांची लांबलचक आज्ञावली लिहावी लागते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मार्क-१ नावाच्या यंत्रावर १९४४ पासून काम करणाऱ्या ग्रेस हॉपर ह्या गणितज्ञ विदुषी आणि त्यांचे सहकारी, एकदा बरोबर ठरलेले सूचनांचे तुकडे आपापल्या वह्यांत टिपून ठेवीत व गरज पडली की एकमेकांच्या वहीतून उतरून घेत. पण उतरताना माणूस चुकतो. एक अंक इकडचा तिकडे झाला, तरी यंत्र भलतेच करून बसते. म्हणून हे तुकडे यंत्रानेच जुळवून घ्यावेत अशी योजना हॉपर यांनी १९५२ साली सिद्ध केली. इंग्लंडात केंब्रिज येथे १९४९ साली एडसॅक हे यंत्र सुरू झाले, तेव्हा तेथील मंडळींनीही असे तुकडे भोके पाडलेल्या कागदी फितींवर उतरवून त्यांचा संग्रहच केला, आणि त्या संग्रहाची माहिती देणारे विल्क्स, व्हीलर व गिल ह्यांचे पुस्तक १९५१ साली निघाले. आज आज्ञावली लिहिणारे, तसेच मोठ्या कचेऱ्यांतील संगणकांची व्यवस्था पाहणारे लोक असेच उपयोगी तुकडे जमवून ठेवतात. त्यांची साधने नवी. अडचण मात्र देवगिरीच्या करणातील कारकुनाचीच आहे.

लेखनाचा वेग ही त्या कारकुनाची दुसरी अडचण. देवनागरीत प्रत्येक अक्षरास हात उचलावा लागतो. मोडी लिहिताना पानावर आधी आडवी रेघ ओढून घेत आणि मग हात फारसा न उचलता वळणे घेत अक्षरांमागून अक्षरे लिहीत. ह्या लिपीचा संबंध परंपरेने हेमाद्रीशी जोडला आहे. ती त्याने एकट्याने निर्माण केली असे म्हणणे धाडसाचे होईल. लिपी एका माणसाच्या हातून एका दिवसात जन्मत नाही. परंतु ज्याच्या कचेरीत नित्य शेकडो कागद लिहिले जात, त्याने जलद लेखनास उत्तेजन दिले असावे, हे मात्र सहज पटण्यासारखे आहे. ह्या लिपीने मराठ्यांच्या राज्याचा कारभार पुढे वाहिला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती महाराष्ट्रात चालू होती.

१२७१ साली महादेवाच्या मागून गादीचा तंटा झाला. महादेवाचा मुलगा आमण ह्याला दूर सारून त्याचा चुलतभाऊ रामचंद्र राजा झाला. अशा प्रसंगी जुन्या राजाचे मंत्री सहसा टिकत नाहीत. हेमाद्री टिकला. ठाणे येथे मिळालेल्या शके ११९४ च्या, म्हणजे १२७२ सालच्या ताम्रपटात करणाचा कारभार त्याच्याकडे असल्याचा उल्लेख आहे. इतकेच नव्हे, तर राज्याच्या गजदळाचीही देखरेख त्याच्याकडे होती असे दिसते. राजा बदलला तरी दप्तर बदलून चालत नाही, आणि दप्तराची जाण असलेला माणूस गमावून तर मुळीच चालत नाही, हे नव्या राजाने ओळखले असावे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात चौऱ्यांशीचा शिलालेख म्हणून प्रसिद्ध असलेला एक मोठा लेख आहे. शके ११९५ ते ११९९ ह्या वर्षांत देवास कोणी काय दिले, त्याची ती दगडावर कोरलेली नोंदवहीच होय. राजा रामचंद्राबरोबर हेमाडि पंडिताचे नावही त्या लेखात आढळते.

कचेरीचे हे ओझे वाहत असताना हेमाद्रीने जो ग्रंथ सिद्ध केला, त्याचे नाव चतुर्वर्गचिंतामणी. हा ग्रंथ संस्कृतात असून त्याचा विस्तार अवाढव्य आहे. व्रत, दान, तीर्थ आणि मोक्ष असे चार खंड व त्यांना जोडलेला परिशेषखंड, अशी त्याची योजना होती. त्यांपैकी तीर्थ व मोक्ष हे खंड आज हाती नाहीत. जे आहे, तेच छापील हजारो पाने भरते.

ह्या ग्रंथाची रचना मोठी पाहण्यासारखी आहे. त्या काळी धर्माचे नियम एका पुस्तकात नव्हते. काही मनूच्या स्मृतीत, काही याज्ञवल्क्याच्या, काही महाभारतात, काही मत्स्य, भविष्य, स्कंद अशा पुराणांत, काही ज्यांची नावेही आज थोड्यांनाच ठाऊक आहेत अशा उपपुराणांत. ग्रंथ ताडपत्रांवर किंवा कागदांवर हाताने लिहिलेले. एक प्रत पैठणात असली तर दुसरी काशीत. खेडेगावातील पुरोहितापुढे एखादा प्रश्न आला, तर तो इतक्या पोथ्या धुंडाळणार कोठून? हेमाद्रीने विषय घेतला, त्याविषयी निरनिराळ्या ग्रंथांत जी जी वचने आहेत ती ती वेचून काढली, आणि एकाखाली एक मांडली. प्रत्येक वचनाच्या आधी ते कोठून घेतले, त्या ग्रंथाचे नाव दिले. दुसऱ्याचे शब्द कोठे संपतात व आपले कोठे सुरू होतात, हे वाचणाऱ्यास कळावे अशी सोय ठेवली.

अशा संकलनाला निबंध म्हणतात. हा प्रकार त्याने पहिल्याने काढला असे नव्हे. त्याच्या आधी बाराव्या शतकात कनोजच्या गोविंदचंद्र राजाचा मंत्री लक्ष्मीधर ह्याने कृत्यकल्पतरू रचला होता, आणि बंगालच्या बल्लाळसेन राजाच्या नावावर दानसागर होता. परंतु विस्तारात आणि सूक्ष्म विवेचनात हेमाद्री त्यांना मागे टाकतो. केवळ गोळा करून तो थांबत नाही. दोन वचने एकमेकांविरुद्ध दिसली, की दोन्ही देतो. मग मीमांसाशास्त्राच्या नियमांनी त्यांचा मेळ घालतो. एक वचन अमुक प्रसंगाचे, दुसरे तमुक प्रसंगाचे, असा भेद दाखवितो.

तिथीचेच उदाहरण घ्या. तिथी ही चंद्राच्या गतीवरून ठरते, दिवस सूर्योदयावरून. त्यामुळे एकादशी आज दुपारी सुरू होऊन उद्या दुपारी संपते, असे नेहमी घडते. मग उपवास आज करावा की उद्या? सणाच्या दिवशी गावातील अर्धी माणसे उपाशी व अर्धी पंक्तीत बसलेली, असा प्रकार झाला म्हणजे गावात वाद माजतो. परिशेषखंडात काळाचा निर्णय करताना हेमाद्रीने अशा प्रश्नांचा सविस्तर विचार केला आहे. पुढे पैठणहून काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टाने १६१२ साली निर्णयसिंधू लिहिला, त्यात हेमाद्रीचा आधार पदोपदी घेतलेला आहे. पैठण तर शेवगाव तालुक्याच्या हद्दीपासून गोदावरी ओलांडली की आलेच. आजही मोठ्या धर्मकृत्याच्या आरंभी पुरोहित काळाची व स्थळाची लांबलचक नोंद म्हणतात. सृष्टीच्या आरंभापासून किती काळ लोटला, हा कोणता शक, आपण गोदावरीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत, हे सारे त्यात येते. तिला हेमाद्री संकल्प असेच म्हणतात. कचेरीत दानपत्राच्या शिरोभागी शक, संवत्सर व स्थळ नोंदविण्याची सवय असलेल्या मंत्र्याचे नाव ह्या नोंदीला लाभावे, हा योग मोठा शोभून दिसतो.

हेमाद्रीच्या आश्रयास बोपदेव नावाचा एक बुद्धिमान पंडित होता. तो वैद्य केशव ह्याचा पुत्र. मुग्धबोध हे संस्कृताचे सुटसुटीत व्याकरण त्याने लिहिले, आणि ते दूर बंगालपर्यंत लोकप्रिय झाले. हेमाद्रीच्या सांगण्यावरून त्याने भागवतावर दोन ग्रंथ केले. हरिलीला हा भागवताच्या विषयांची क्रमवार ओळख करून देणारा, म्हणजे एक प्रकारची अनुक्रमणिकाच; आणि मुक्ताफल हा भागवतातील श्लोक विषयवार निवडून गुंफलेला. मुक्ताफलावर कैवल्यदीपिका नावाची टीका आहे, ती हेमाद्रीची. आश्रयदात्याने कवीकडून आपली स्तुती लिहून घ्यावी, ही जुनी चाल. येथे आश्रयदात्याने अनुक्रमणिका आणि वेचे तयार करून घेतले!

वैद्यकातही त्याने तेच केले. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर त्याची आयुर्वेदरसायन ही टीका आहे. वाग्भटाने एखादी गोष्ट थोडक्यात सांगितली असेल, तर चरकाने तिच्याविषयी काय म्हटले आहे, सुश्रुताने काय, हे त्याच ठिकाणी तो जोडून देतो. रोग्याच्या उशाशी बसलेल्या वैद्यास चार पोथ्या उलगडण्यास वेळ कोठे असतो? मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने ही टीका, जेवढी उपलब्ध आहे तेवढी, छापून प्रसिद्ध केली.

सर्वच लोकांनी हेमाद्रीची स्तुती केली, असे मात्र नाही. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाच्या ग्रंथांत तो विरोधक म्हणून रंगविलेला आहे. आणखीही एक आक्षेप आहे. वर्षाच्या प्रत्येक दिवसास व्रत, प्रत्येक व्रतास उद्यापन, प्रत्येक उद्यापनास दान, असा पसारा मांडून त्याने लोकांचे लक्ष भलतीकडे वेधले. उत्तरेकडून संकट येत असता देवगिरी गाफील राहिली, असे काही इतिहासकारांनी म्हटले आहे. ह्या आक्षेपात मुळीच तथ्य नाही असे म्हणवत नाही. संग्रह करणाऱ्यास काय ठेवावे हे कळले, तरी काय सोडून द्यावे हे दर वेळी कळतेच असे नाही, आणि हेमाद्रीने फारच थोडे सोडले. परंतु ही व्रते त्याने निर्माण केली नव्हती, ती समाजात होतीच. शिवाय राज्याच्या पराभवाची कारणे एका ग्रंथाच्या पानांत शोधणे न्याय्य नव्हे.

त्याच काळात मराठी भाषेचे भाग्यही उजळत होते. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवासे येथे प्रवरेच्या परिसरात ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका पुरी केली, आणि तिच्या शेवटी यादववंशीय रामचंद्र राजा न्यायाने राज्य करीत असल्याचे नमूद केले. पण ते सुख थोड्या दिवसांचे ठरले. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर चालून आला. रामचंद्राला अपार खंडणी देऊन तह करावा लागला. पुढे त्याचा मुलगा शंकरदेव लढाईत मारला गेला आणि १३१८ च्या सुमारास यादवांचे राज्य बुडाले. देवगिरीचे नाव पालटून दौलताबाद झाले. राजवाडे पडले, दप्तरे नाहीशी झाली.

ज्याच्या अनेक प्रती झाल्या होत्या, तेवढे मात्र उरले. चतुर्वर्गचिंतामणीच्या पोथ्या तोवर देशभर पसरल्या होत्या. एका ठिकाणची प्रत जळाली, तरी दुसऱ्या ठिकाणी कोणी ना कोणी तिची नक्कल करीत होता. ह्या नकलांबरोबर असे काही तरले की ज्याचा मूळ ठावठिकाणाच नष्ट झाला होता. नंदिपुराण हे त्याचे ठळक उदाहरण. ते पुराण संपूर्ण स्वरूपात आज कोठेही मिळत नाही. पण विद्यादान कसे करावे, ग्रंथ कसा लिहवून घ्यावा व तो कसा अर्पण करावा, हे सांगणारा त्याचा भाग लक्ष्मीधर, बल्लाळसेन आणि हेमाद्री ह्यांनी दानाच्या प्रकरणात उतरवून घेतला होता, म्हणून तेवढा आपल्याला वाचावयास मिळतो. ग्रंथांच्या नकला करण्याचा उपदेश, नक्कल झाल्यामुळेच वाचला! आणि हेमाद्रीने वचनापूर्वी ग्रंथाचे नाव लिहिले नसते, तर हा भाग नंदिपुराणाचा हे तरी कोणास कळले असते?

पुढे छापखान्यांचे युग आले. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीने १८७३ पासून चतुर्वर्गचिंतामणी छापावयास घेतला. हे काम एका माणसाच्या आयुष्यात उरकण्यासारखे नव्हते; त्याचे भाग १९११ पर्यंत निघत होते. इकडे मुंबई इलाख्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दक्षिणेचा प्राचीन इतिहास लिहीत होते. यादवांचा पहिला राजा कोण, भिल्लम किती झाले, कोणामागून कोण आला, ह्याचा उलगडा तुटक ताम्रपटांवरून पुरता होईना. व्रतखंडाच्या आरंभी हेमाद्रीने आपल्या धन्याच्या घराण्याची वंशावळ मूळ पुरुषापासून क्रमवार घालून ठेवली होती. श्रीकरणाधिपाच्या हाताखाली जुनी दानपत्रे होती, त्यांतील वंशवर्णने होती. तेव्हा ती रचण्यास त्याच्याइतका योग्य माणूस दुसरा नव्हता. भांडारकरांनी वेगवेगळ्या हस्तलिखितांतून ही प्रस्तावना ताडून पाहिली, ताम्रपटांशी जुळविली, आणि १८८४ साली निघालेल्या आपल्या ग्रंथात यादव राजांचा इतिहास तिच्या आधाराने मांडला. मूळ संस्कृत पाठही परिशिष्टात छापला. संगमनेरच्या ताम्रपटातील भिल्लम कोणता, त्याच्या आधी कोण आणि नंतर कोण, हे पाहावयाचे झाले म्हणजे अभ्यासक आजही ती वंशावळ उघडतात.